काढा आणि पेज

फ्लूची साथ आली म्हणजे वैद्याला बोलावण्याआधी घरात काढ्याचे पातेले चुलीवर चढते. आले, दालचिनी, ज्येष्ठमध ही त्यातील नेहमीची मंडळी. चीनमध्येही हीच सामग्री शतकानुशतके वापरात आहे. 'दालचिनी' हे नावच मुळी फारसी असून त्याचा अर्थ चीनचे लाकूड असा होतो.

इसवी सन २०० च्या सुमारास चांग चुंग-चिंग या चिनी वैद्याने ज्वरचिकित्सेवर एक ग्रंथ रचला. त्याच्या दोनशेहून अधिक कुळबांधवांपैकी दोन-तृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत मरण पावली होती, असे त्या ग्रंथाची प्रस्तावना सांगते. दालचिनीच्या कोवळ्या काड्या, आले, ज्येष्ठमध आणि चिनी बोरे घातलेला त्याचा एक काढा आजही प्रसिद्ध आहे. तो घेतल्यावर रोग्याने वाडगाभर तांदळाची ऊन, पातळ पेज प्यावी व पांघरूण घेऊन पडावे, असेही त्याने बजावले आहे.

या साध्या सूचनेचे मोल १९१८ साली बंगळुरास कळून आले. त्या वर्षी जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा सरताना त्याची दुसरी, अधिक घातक लाट देशभर पसरली. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले हे नगर तेव्हा म्हैसूर संस्थानची पेठ आणि इंग्रजांची छावणी अशा दोन कारभारांत विभागलेले होते. संस्थानचे दिवाण सर विश्वेश्वरय्या होते. रोगाचे मूळ कोणासही ठाऊक नव्हते; माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली.

म्हैसूरच्या डॉक्टरांनी रोग्यांना थायमॉल दिले. हे थायमॉल म्हणजे आपल्याकडील ओव्याचे फूल. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानचा ओवा जर्मनीस जाई आणि त्याचे सत्त्व विलायती औषध म्हणून विकले जाई. ते जंतुनाशक खरे. परंतु इन्फ्लुएन्झावर तो उतारा नव्हता.

औषधाइतकीच निकड होती ती अन्नाची. घरातील सारीच माणसे एकदम अंथरुणास खिळली, की चूल पेटवणारा आणि पाणी देणारा कोणी उरत नसे. म्हणून स्वयंसेवकांनी औषधाबरोबर दूध आणि तांदळाची गंजी, म्हणजे आपली पेजच, गरिबांपर्यंत पोहोचविली. चांग चुंग-चिंगचे नावही ज्यांनी ऐकले नसेल, त्यांनी त्याच्या पथ्याचाच मार्ग धरला.

साथीने देशात सव्वा कोटीहून अधिक बळी घेतले. काढ्याने ती अडली नाही, थायमॉलनेही नाही. काढ्याने घशास आराम पडतो, घोटभर ऊन पाणी पोटात जाते, आणि हा लाभ थोडा नव्हे. मात्र आराम म्हणजे संरक्षण नव्हे. संरक्षणासाठी आज लस आहे. ती घेऊनही आजार आलाच, तर काढ्याच्या पेल्याबरोबर पेजेचा वाडगा आणून देणारे माणूस जवळ असावे लागते. १९१८ साली कित्येक घरांत नेमके तेच माणूस उरले नव्हते.