एका अक्षराची चूक: तीळ, मेलानोमा आणि दोनशे वर्षं

ताज्या एपिसोडचं हे लिखित रूप, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.

माझ्या पाठीवर एक मोठा तीळ आहे. आजी त्याला नशिबाचा म्हणायची. गेल्या वर्षी त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, "याचा आकार बदललाय का?" मी घाबरलो आणि वाचायला बसलो.

तर गोष्ट सुरू होते १८२० मध्ये. इंग्लंडमधल्या स्टूरब्रिजचे डॉक्टर विल्यम नॉरिस यांनी एका रुग्णाची हकिकत छापली. तिळापासून सुरू झालेला आजार अंगभर पसरला आणि माणूस गेला. नॉरिसनी घरच्यांची चौकशी केली. वडील अशाच आजाराने गेलेले, मुलांच्या अंगावर बरेच तीळ. हे घराण्यातून येतं, असं त्यांनी लिहिलं. तेव्हा मेंडेल जन्मलासुद्धा नव्हता!

पुढे १९९४ मध्ये, मेलानोमा वारंवार होणाऱ्या काही घराण्यांत 'सीडीकेएन२ए' या जनुकात बिघाड सापडला. हे जनुक म्हणजे पेशीचा ब्रेक.

मग आलं २००२. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या टीमला तपासलेल्या मेलानोमांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत 'बीरॅफ' जनुक बदललेलं दिसलं. बहुतेकांत चूक एकाच अक्षराची, 'टी'च्या जागी 'ए'. तेवढ्याने 'वाढ' म्हणणारं बटण दाबलेलंच राहतं. गंमत म्हणजे ही जागा आधी ५९९ वी मोजली गेली होती, नंतर कळलं ती ६०० वी. ऑफ-बाय-वन एरर! आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं.

पण पुढच्याच वर्षी कळलं की बहुतेक निरुपद्रवी तिळांतही हाच बदल असतो. म्हणजे एका चुकीने कॅन्सर होत नाही. पेशी थोडी वाढते, ब्रेक लागतो, तीळ तिथेच थांबतो. बदल साचत गेले आणि ब्रेकही निकामी झाला, तर धोका. ब्रेक गेलेल्या पेशी आजूबाजूला घुसू लागतात, हे २०१८ च्या संशोधनात दिसलं. 'पसरवणारं' असं एकच जनुक मात्र सापडलेलं नाही.

२०११ मध्ये अमेरिकेत बीरॅफ रोखणाऱ्या वेमुराफेनिबला मान्यता मिळाली. साधारण निम्म्या रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, पण अनेकांत काही महिन्यांत परतल्या. पेशींनी दुसरी वाट शोधली होती. म्हणून आता दोन औषधं एकत्र देतात.

आपल्याकडे मेलानोमा दुर्मीळ आहे. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे ऊन हे मुख्य कारण नसतं आणि बीरॅफचा बदलही कमी सापडतो. लोक कुरूप समजून सोडून देतात, आणि उशीर होतो.

माझा तीळ साधाच निघाला. तरी आता अंघोळ करताना मी तळपाय बघतो. तुम्हीही बघा, आणि डाग बदलताना दिसला तर डॉक्टरांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!