ऑर्कांची शिरगणती

प्लिनीने पहिल्या शतकात ऑर्काचे वर्णन इतर देवमाशांचा वैरी असे केले. इंग्रजीत पुढे तो ‘किलर व्हेल’ झाला. वस्तुतः तो देवमासा नव्हे, डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी आहे. परंतु नावाची दहशत अशी, की त्याच्या घरसंसाराची चौकशी करावी असे पाश्चात्त्य विद्वानांपैकी फारशा कोणाला वाटले नाही.

१९६४च्या जुलैत व्हॅंकूवरच्या मत्स्यालयाने सॅटर्ना बेटाजवळ एका ऑर्कावर भाला चालवला. तो मरावा आणि त्याच्या कलेवरावरून शिल्प घडवावे, एवढाच हेतू होता. तो मेला नाही. त्याचे सोबती पळून न जाता त्याला श्वास घेण्यासाठी पाण्यावर उचलू लागले, अशी नोंद आहे. नर असूनही मादी समजून त्याचे नाव ‘मोबी डॉल’ ठेवले गेले. सुमारे तीन महिन्यांत तो दगावला. मात्र तोवर त्याचा आवाज ध्वनिमुद्रित झाला होता.

ऑर्का जिवंत ठेवता येतो हे कळताच बाजार उभा राहिला. ऑगस्ट १९७०मध्ये वॉशिंग्टन राज्यातील पेन कोव्ह येथे कळप जाळ्यांत कोंडून ७ पिले विकली गेली. जाळ्यांत गुदमरून मेलेल्या पिलांच्या पोटांत दगड भरून ती बुडवण्यात आली. पिलेच का? वाहून न्यायला सोपी म्हणून.

हा ‘पुरवठा’ किती काळ पुरेल, हे पाहण्याचे काम कॅनडात मायकेल बिग या सरकारी संशोधकाकडे आले. १९७१मध्ये त्यांनी मच्छीमार, दीपगृहांचे रखवालदार अशा हजारो लोकांना प्रश्नावल्या पाठवल्या. समज हजारो ऑर्कांचा होता. अंदाज निघाला दोनशे ते साडेतीनशेंचा. मग पाठीवरच्या पराच्या खाचा आणि त्यामागचा खोगिरासारखा करडा डाग यांच्या छायाचित्रांवरून एकेक ऑर्का ओळखला जाऊ लागला. प्रत्येकाला अक्षर आणि आकडा मिळाला. वर्षे लोटली तशी या रूक्ष यादीची वंशावळ झाली.

त्या किनाऱ्याच्या सामनखाऊ ऑर्कांमध्ये मुलगी सासरी जात नाही आणि मुलगाही घर सोडत नाही. मीलनापुरता तो दुसऱ्या कळपात मिसळतो व आईपाशी परततो. प्रजननाचे वय ओलांडलेल्या आज्या पुढे कित्येक वर्षे जगतात आणि मासळीच्या दुष्काळात वाट दाखवतात. आई गेल्यावर थोराड मुलाच्याही मृत्यूचा धोका वाढतो, हे २०१२च्या एका अभ्यासात दिसले. शिकारी म्हणून ख्यात असलेल्या जातीत नरांचे हे आईवेड आम्हाला मोठे विलक्षण वाटते.

जॉन फोर्ड यांनी दाखवले की प्रत्येक कळपाची बोली वेगळी असते, आणि ती पिलू घरात शिकते. आमच्या गायकांच्या घराण्यांची आठवण येथे यावी. मोबी डॉलच्या त्या जुन्या ध्वनिमुद्रणातील बोलीवरून तो ‘जे’ कळपाचा होता, हे त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी ठरले.

वॉशिंग्टनमधील पकड १९७६मध्ये थांबली. तोवर नेलेली पिले घरी राहिली असती, तर त्यांतल्या काही माद्या आज आज्या असत्या. जे, के आणि एल या तिन्ही कळपांत मिळून आता ऐंशीहूनही कमी ऑर्का उरले आहेत. पेन कोव्हमधून नेलेली टोकिटे मायामीच्या हौदात अर्धशतकाहून अधिक काळ काढून ऑगस्ट २०२३मध्ये वारली. ऑर्कांना लाटांखालचे नातलग म्हणणाऱ्या लमी जमातीच्या लोकांनी पुढच्याच महिन्यात तिची रक्षा तिच्या मूळ समुद्रात विसर्जित केली.