मांजराची नजर आणि बीपीची गोष्ट

म्हातारं मांजर एकाएकी उंबऱ्याला धडकायला लागतं. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्याच राहतात. ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. पण त्यामागे बीपी असू शकतं. हो, मांजरालाही बीपी होतं!

हे कळायला माणसाला फार वर्षं लागली. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी घोडीच्या रक्तवाहिनीला काचेची उभी नळी जोडली, तर रक्त 8 फुटांहून वर चढलं. 1733 साली त्यांनी हे पुस्तकात छापलं. म्हणजे रक्ताचा जोर आधी मोजला गेला तो जनावरात! 1851 मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत बघायचं यंत्र काढलं आणि आतला पडदा, त्यावरच्या शिरा दिसू लागल्या. 1896 मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा आणला. 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याखाली ठोके ऐकायची रीत दाखवली.

मांजराचे ठोके मात्र साध्या नळीनं नीट ऐकू येत नाहीत. छोटा पट्टा आणि डॉपलर यंत्र आलं, तेव्हा मोजणं जमलं. वरचा आकडा सतत 160 च्या पुढे राहिला की धोका. मूळ बहुधा किडनीच्या किंवा थायरॉईडच्या आजारात असतं. जोर वाढला की शिरांतून पाणी झिरपतं, पडदा जागचा सुटतो, नजर जाते.

1990 नंतरच्या दशकात माणसांची बीपीची गोळी, ॲम्लोडिपिन, मांजरांना देऊ लागले. लवकर उपचार झाले तर पडदा पुन्हा बसतो, काही मांजरांना दिसूही लागतं. उशीर झाला तर गेलेली नजर सहसा परत येत नाही. पण गोळी जनावरांच्या डॉक्टरांनीच ठरवायची, घरच्या डब्यातली द्यायची नाही.

आणि बायांनो, आपलंही तसंच आहे. गरोदरपणी बीपी फार वाढलं तर डोकं ठणकतं, धूसर दिसतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. कधी कधी पडदाही सुटतो. तेव्हा ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना गाठा. जीव आईचाही असतो आणि बाळाचाही.