ओझ्याची वाट

उसगाव-तिस्कावरून बोंडल्याकडे वळलात की गाडी पहिल्याच चढणीला सोडा. पुढे जायचं आहे ते डांबरी रस्त्याने नव्हे, आणि आजच्या तारखेतही नव्हे.

शिमगा जवळ आलाय. साल १९५० च्या आसपासचं. गोव्यावर लिस्बनचं राज्य आहे, आणि बोंडल्याच्या डोंगराला अभयारण्य म्हणायला १९६९ उजाडायचं आहे. तुमच्यापुढे अंत्रुज महालातला एक म्हातारा शिकारी अनवाणी चालतोय. कमरेला कास्टी, खांद्यावर ठासणीची बंदूक. गावकरी हाका घालायला पलीकडच्या उतारावर गेलेत. त्यांचा आवाज उठायच्या आत तुम्हाला जनावराची वाट सापडायला हवी.

तो जमिनीकडे बघेल अशी तुमची अपेक्षा. पण पायाखाली जांभा आहे आणि जांभ्यावर खूर उठत नाही. म्हणून तो झाडं बघत चाललाय. एका किंदळीच्या बुंध्याला वाळलेला चिखल लागलाय. गुडघ्याएवढ्या उंचीवर असता तर लोळण घेऊन आलेलं रानडुक्कर तिथे अंग घासून गेलं, असं धरायचं. हा तर तुमच्या छातीच्याही वर आहे. गवा! पुढे बांबूचा पाला खुडलेला. मग शेण, आणि त्यात शेणकिडे कामाला लागलेले.

“वारो खंयच्यान येता पळय,” तो कुजबुजतो. तुम्ही चिमूटभर धूळ सोडता. ती तुमच्याच तोंडावर येते. बरं झालं, वास मागे जातोय.

कारवी बाजूला सारलीत तर डोंगराच्या कुशीतून जाणारा हातभर रुंद सपाट पट्टा लागतो. एका कडेला जांभ्याचे धोंडे बसवलेले. एवढं नीट काम गव्याचं नव्हे. म्हातारा दोन शब्दांत सांगतो: मिठाची वाट.

आणखी मागे चला, १८७० च्या सुमाराला. याच पट्ट्यावर आता घंटा वाजताहेत. लमाणांचा तांडा घाट चढतोय. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना मिठाच्या गोणी. खाडीकाठच्या मिठागरांतलं हे मीठ होड्यांतून नदीने वर आलं, आणि आता देशावर चाललंय. उतरताना तांदूळ येईल. तुम्ही बैलांच्या मागे चालून बघा. दम लागत नाही. लादलेला बैल उभा चढ घेत नाही, त्यामुळे वाट डोंगराला वळसे घालत, लांबून पण सावकाश चढते. हजार किलोच्या आसपास भरणाऱ्या गव्यालाही तोच चढ झेपतो. तांडे थांबल्यावर ती वाट त्याने का सोडावी?

तांडे थांबले त्याला कारणं कागदावरची आहेत. १८७८ च्या करारानं गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, आणि १८८८ पर्यंत मुरगावची आगगाडी कॅसलरॉकला पोचली. वाट ओस पडली ती माणसांपुरती.

पलीकडे हाका उठला. पुन्हा म्हाताऱ्यापाशी या. तो वाटेवर बसलेला नाही. वाट व्हाळाला उतरते तिथून थोडा वर, वाऱ्याखाली, खडकाआड आहे. बंदुकीत एकच बार. पुन्हा ठासेपर्यंत जनावर थांबत नाही. गवा येत नाही, येतो मेरू, म्हणजे सांबर. मान मागे वळवून हाका ऐकत तो क्षणभर उभा राहतो आणि बार होतो. संध्याकाळी वाटे पडतात: देवाचा, बंदूकवाल्याचा, हाकेकऱ्यांचा. तुमचाही एक.

घ्या, पण याचं फार कौतुक मी करणार नाही. रान एवढं बारकाईने वाचता येणारी माणसंच ते रिकामं करण्यातही हुशार होती. १९७२ च्या कायद्यानंतर ही शिकार हा गुन्हा आहे, आणि चोरून होते तिथे हाच शहाणपणा वापरला जातो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीच्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेले, तेव्हा विष घालणाऱ्याला तर वाटेवर बसायचीही गरज पडली नव्हती.

आजच्या तारखेला परत आलात की म्हादई अभयारण्यात चला. वाघाचा कॅमेरा लावायचा असेल तर म्हाताऱ्याच्याच हिशेबानं जागा शोधावी लागते: जुनी वाट, मंद चढ, जवळ पाणी. फरक एवढाच की इथे एक बार पुरत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात.