चूल पेटवा, पण धूर नको : सरपण वाळवण्यापासून राख काढण्यापर्यंतची माहिती

जेऊर (ता. करमाळा) : घरात गॅस आला तरी ज्वारीच्या भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून बऱ्याच घरांत चुलीवरच होतं. चूल म्हटली की धूर आलाच, असं आपण धरून चालतो. पण धूर म्हणजे न जळालेलं सरपणच असतं. जेवढा धूर जास्त, तेवढं जळण वाया.

धुराचा त्रास
डोळे चुरचुरणं, खोकला, दम लागणं हा त्रास चुलीपुढं बसणाऱ्या बाईला आणि तिच्याजवळच्या लेकरांना आधी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख लोक दगावले.

सरपण कसं असावं
ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असू शकतं. जाळाची धग ते पाणी आटवण्यातच जाते. बाभळ, येडी बाभळ तोडल्यावर मनगटाएवढे फाटे फोडून उन्हाळाभर वाळवावेत आणि पावसाआधी छपराखाली रचावेत. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखण वाजली तर वाळलेली, बद्द वाजली तर ओली. जळताना टोकातून पाणी फसफसलं तरी ओलंच समजावं.

पेटवायची पद्धत
१. आधी कालची राख काढावी. राखेनं चूल भरली की खालून हवा मिळत नाही.
२. दोन लाकडं मध्ये फट ठेवून लावावीत. फटीत बारीक काटक्या, तुराट्या किंवा वाळलेली चिपाडं ठेवून पेटवावं.
३. जाळ धरला की एकेक लाकूड सारावं. चुलीचं तोंड गच्च भरू नये.
४. लाकडाखाली लोखंडी जाळी ठेवली तर हवा खेळते, सारखी फुंकणी मारावी लागत नाही.
५. रॉकेल, प्लॅस्टिक, टायरचे तुकडे चुलीत घालू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

जाळ मोकळा, पिवळाधमक असेल तर चूल नीट चाललीय. भांड्याला काजळीचा थर चढत असेल तर सरपण ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय.

विझवताना
स्वयंपाक झाला की लाकडं बाहेर ओढून पाणी मारून विझवावीत. धुमसत ठेवली की तीच सगळ्यात जास्त धूर करतात. गरम राख उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नये. वाऱ्यानं ठिणगी उडायला वेळ लागत नाही.

थंडीत ही चूक नको
निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंगही नसतो. झोपेतच माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. चुलीच्या खोलीला समोरासमोर खिडकी-दार असावं, वर धुराडं किंवा कौलाला झरोका असावा.