मंगळाच्या बर्फातल्या भोवऱ्यासारख्या दऱ्या कशा बनल्या?
मंगळाच्या उत्तर ध्रुवावर सुमारे १००० किमी रुंद बर्फाची टोपी आहे. तिच्यावर भोवऱ्यासारख्या वळत गेलेल्या दऱ्या दिसतात. २००४ मध्ये जॉन पेलेटियर यांनी त्यांचं गणिती मॉडेल मांडलं. धुळकट, उभे उतार जास्त ऊन शोषतात आणि तिथला बर्फ थेट वाफ होऊन उडतो; इतरत्र बर्फ साचतो; उष्णता आतून पसरते. एवढ्यावर संगणकात तशाच दऱ्या उमटल्या! (हृदयातल्या विद्युत लहरींची समीकरणंही याच जातीची.)

पण आकार जुळला म्हणजे कारण सापडलंच असं नाही. २०१० मध्ये मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या रडारमधून बर्फाचे आतले थर अभ्यासले गेले, तेव्हा वाऱ्याचा मोठा हात दिसला. ध्रुवाकडून उतरणारा वारा दरीच्या एका काठावरचा बर्फ उचलून समोरच्या काठावर टाकतो. त्यामुळे अख्खी दरीच हळूहळू ध्रुवाकडे सरकते.