गेम फ्रेमवर्क : नवशिक्यांसाठी निवड

संगणक, मोबाइल किंवा ब्राउझरवर चालणाऱ्या खेळांत सतत लागणारी कामे तयार स्वरूपात पुरवणारा सॉफ्टवेअरसंच. विंडो उघडणे, पडद्यावर चित्र उमटवणे, कीबोर्ड व माऊसची हालचाल टिपणे, आवाज वाजवणे, वेळ मोजणे ही ती कामे होत. ती फ्रेमवर्कवर सोपवली की खेळाच्या नियमांकडे लक्ष देता येते. नवशिक्याने निवड करताना साधनाच्या प्रसिद्धीपेक्षा ते कोणते काम आपल्या हातात ठेवते, हे पाहावे. कारण हातात उरलेले कामच शिकून होते.

लायब्ररी, फ्रेमवर्क आणि इंजिन : बोलताना हे शब्द सरमिसळ वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. लायब्ररीतील फंक्शने आपला कोड बोलावतो. फ्रेमवर्कमध्ये मुख्य नियंत्रण फ्रेमवर्ककडे असते आणि आपण लिहिलेली फंक्शने ते योग्य वेळी बोलावते. इंजिनात याशिवाय दृश्ये मांडण्याचा एडिटर, भौतिकी, ॲनिमेशन अशी साधने एकत्र मिळतात. या अर्थाने पुढे ओळख होणाऱ्या साधनांपैकी पायगेम ही लायब्ररी, लव्ह हे फ्रेमवर्क आणि गोदो हे इंजिन ठरते.

गेम लूप : खेळाच्या मुळाशी एक चक्र असते. खेळाडूने काय केले ते वाचायचे, खेळाची स्थिती बदलायची, नवे चित्र काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका फेरीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. दर फेरीत चेंडू ५ पिक्सेल सरकवला, तर ६० फेऱ्यांना तो सेकंदाला ३०० पिक्सेल जातो आणि १४४ फेऱ्यांना ७२०. एकाच खेळाचा वेग असा संगणकागणिक बदलू नये म्हणून वेग सेकंदाच्या हिशेबात ठरवतात आणि मागच्या फेरीपासून गेलेल्या वेळेने त्याला गुणतात.

प्रमुख साधने : अटारी कंपनीच्या १९७२ मधील ‘पाँग’सारखा चेंडू-फळीचा खेळ प्रत्येक साधनात कसा घडतो, हे पाहिले की त्यांचे स्वभाव कळतात.

स्क्रॅच हे एमआयटी मीडिया लॅबमधील मिचेल रेझनिक यांच्या गटाने विकसित केले; ते २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. यात कोड टाइप करायचा नसून ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. कडेला लागताच चेंडू उलट फिरवणारा ठोकळा तयारच मिळतो. रंगमंच ४८० × ३६० एककांचा असून शून्यबिंदू मध्यभागी असतो. शाळेतल्या आलेखासारखीच ही मांडणी असल्यामुळे मुलांना ती सहज उमगते.

पायगेम २००० साली पीट शिनर्स यांनी सुरू केले. ते सॅम लँटिंगा यांच्या एसडीएल या लायब्ररीवर उभे असून पायथन भाषेत वापरतात. येथे गेम लूप स्वतः लिहावा लागतो. चेंडू कडेला पोहोचला का, हे तपासून वेगाचे चिन्हही आपणच बदलतो. शून्यबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि खाली जाताना ‘वाय’ वाढतो; स्क्रॅचमधून येणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. कोड जास्त लिहावा लागतो, मात्र खेळाचा एकही भाग नजरेआड राहत नाही.

लव्ह हे २००८ मध्ये आलेले द्विमितीय खेळांचे फ्रेमवर्क लुआ भाषेत चालते. ब्राझीलमधील विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेल्या या भाषेच्या नावाचा पोर्तुगीज अर्थ ‘चंद्र’. लूप फ्रेमवर्क सांभाळते. आपण ‘लोड’, ‘अपडेट’ आणि ‘ड्रॉ’ ही तीन फंक्शने भरतो. गेलेला वेळ ‘अपडेट’ला आपोआप मिळतो. २०२४ चा गाजलेला ‘बलाट्रो’ हा पत्त्यांचा खेळ यावरच बनला.

फेझर हे रिचर्ड डेव्ही यांचे जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क २०१३ पासून उपलब्ध आहे. चेंडूची उसळी आणि पडद्याच्या कडा त्यातील साध्या भौतिकीला नेमून देता येतात. खेळ ब्राउझरमध्ये चालत असल्याने मित्राला दुवा पाठवला की पुरते; त्याला काही इन्स्टॉल करावे लागत नाही.

गोदो हे अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व एरियल मान्सूर यांनी घडवलेले इंजिन २०१४ मध्ये मुक्त झाले. त्याचे नाव सॅम्युएल बेकेट यांच्या नाटकावरून आले आहे. चेंडू, फळी, भिंत हे सारे ‘नोड’ असतात आणि त्यांच्या झाडासारख्या रचनेतून दृश्य तयार होते. जीडीस्क्रिप्ट ही त्याची भाषा पायथनच्या वळणाची आहे. खेळ पुढे वाढणार असेल तर ही शिस्त उपयोगी पडते. पहिल्या आठवड्यात मात्र एडिटर समजून घेण्यातच बराच वेळ जातो. युनिटी आणि अनरिअल ही इंजिने याहून विस्तृत आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) अनरिअलवर बनला. तशा त्रिमितीय खेळामागे कलाकार आणि प्रोग्रॅमर यांचा संघ लागतो.

देवनागरीचा प्रश्न : खेळात मराठी मजकूर दाखवायचा असेल तर हा निकष आधी तपासावा. अक्षरे एकापुढे एक नुसती ठेवणाऱ्या साधनात ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षरे फुटतात. लव्हच्या ११ व्या आवृत्तीत ही अडचण येते. गोदोच्या चौथ्या आवृत्तीत (२०२३) गुंतागुंतीच्या लिप्यांची जुळणी आहे. फेझरमध्ये ते काम ब्राउझर करतो. दोन्हीकडे देवनागरी फाँट हवाच. ‘विद्यार्थी’ हा एक शब्द पडद्यावर काढून पाहिला की उत्तर मिळते.

परवाना आणि भरवसा : गोदो व फेझर एमआयटी परवान्याखाली, लव्ह झेडलिब परवान्याखाली आणि पायगेम एलजीपीएलखाली मिळते, त्यांपैकी कशासाठीही शुल्क नाही. कंपनीच्या मालकीच्या साधनात अटी बदलू शकतात. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये खेळाच्या इन्स्टॉलनिहाय शुल्क जाहीर केले. विकसकांच्या तीव्र विरोधानंतर वर्षभराने ते रद्द झाले. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेल्या एक्सएनए या गेम फ्रेमवर्कचा विकास पुढे थांबला. त्याची पद्धत मोनोगेम या मुक्त प्रकल्पाने टिकवली.

निवड कशी करावी : कोडची ओळखच नसेल तर स्क्रॅच. शाळा-महाविद्यालयात पायथन शिकत असाल तर पायगेम. कमी कोडमध्ये द्विमितीय खेळ घडवायचा तर लव्ह. खेळ ताबडतोब इतरांपर्यंत पोहोचवायचा तर फेझर. मोठ्या खेळाची तयारी करायची किंवा मराठी मजकूर भरपूर असेल तर गोदो. दोन साधनांत मन अडकले, तर दोन्हींत चेंडू-फळीचा खेळ करून पाहावा. ज्यात आपली चूक आपल्याला लवकर सापडते ते साधन घ्यावे.

निवडीपेक्षा पहिला खेळ पूर्ण करणे महत्त्वाचे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी पिको-८ या साधनात चार दिवसांत उड्या मारण्याचा एक छोटा खेळ केला. १२८ × १२८ पिक्सेलचा पडदा आणि १६ रंग एवढीच सामग्री त्यात मिळते. त्याच खेळातून, वेगळ्या साधनांनी, २०१८ चा ‘सेलेस्ट’ उभा राहिला. भाषा आणि साधन बदलले तरी उडीची कल्पना त्यांच्यासोबत पुढे गेली. लूप, निर्देशक, टक्कर आणि वेळेचा हिशेब एकदा हाताखालून गेला की नवशिक्याचेही तसेच होते.